अरावानचा मिराब

पहाटे साडेचार

किरगिझस्तानच्या दक्षिणेला, ओश प्रांतात, अरावान नावाचा तालुका आहे. फरगाना खोऱ्याच्या कडेला, उझबेकिस्तानच्या सीमेला खेटून. जूनच्या मध्यावर तिथे साडेचारच्या सुमारास झुंजुमुंजू होतं आणि त्या वेळी मिराब गेटवर पोचलेला असतो. मिराब म्हणजे आपल्याकडचा पाटकरी. कालव्यातून पोटपाटात किती पाणी घ्यायचं, ते कोणाला, किती वेळ आणि कोणानंतर द्यायचं, हे सगळं त्याच्या हातात असतं. इथे लिहिलेला दिवस कोणा एका माणसाचा नाही. या भागात एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत हे काम करणाऱ्या मिराबांचा दिवस साधारण कसा जातो, तो असा. सोव्हिएत संघासारखं अवाढव्य राज्य कोसळल्यावर शेतापर्यंत पाणी कोणी पोचवलं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर अहवालांपेक्षा या माणसाच्या वहीत जास्त मिळतं.

पहिलं काम मोजपट्टी वाचायचं. पोटपाटाच्या तोंडाशी काँक्रीटचा छोटा बांध असतो, त्याच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा. पाण्याची उंची पाहायची, तक्त्यात शोधायची, सेकंदाला किती लिटर पाणी येतंय ते वहीत लिहायचं. रात्रीची पाळी ज्याची संपते तो आणि सकाळची ज्याची सुरू होते तो, दोघेही तिथे उभे असतात. चांगला मिराब आकडा मोठ्याने वाचतो आणि दोघांची सही घेतो. दिवसभरातलं सर्वांत मोलाचं काम या पाच मिनिटांत होऊन जातं.

सहा

आता पाटाच्या कडेने फेरी. इथे पाटाला अरिक म्हणतात आणि पाळीला केझेक. काही ठिकाणी अरिक मातीचा आहे, काही ठिकाणी सोव्हिएत काळात बसवलेल्या काँक्रीटच्या अर्धगोल पन्हळी जमिनीपासून उंच, पायांवर उभ्या आहेत. त्यांचे सांधे उघडलेत. प्रत्येक सांध्यातून धार पडते आणि खाली गवत, लव्हाळी माजतात. काही गेटांना झडपाच नाहीत. नव्वदच्या दशकात लोखंडाला भाव होता आणि राखणदार कोणी नव्हता, तेव्हा त्या भंगारात गेल्या. तिथे आता फळी, प्लास्टिकची पोती, दगड आणि चिखल यांनी दारं लावतात. मिराबाच्या खांद्यावर फावडं असतं ते याच्यासाठी. रात्री कोणी तरी दार फोडलेलं असतंच. तो ते बुजवतो आणि कोणाच्या शेताकडे ओल गेली आहे ते पाहून ठेवतो.

साडेसात

पाणीवापर संस्थेचं कार्यालय. एक खोली, लोखंडी कपाट, भिंतीवर अरिकांचा हाताने काढलेला नकाशा. हिशेबनीस बाई आलेल्या असतात. मिराब पाणीमागणीची यादी त्यांना देतो.

इथे जरा थांबून मागची गोष्ट सांगायला हवी, कारण हे कार्यालय का आहे हेच मुळात त्या गोष्टीत आहे.

झारच्या काळातही फरगानात मिराब होते. पाणी घेणारेच त्यांना निवडत आणि पिकातला वाटा देत. मोठ्या कालव्यांवर अरिक-अक्सकल असे आणि त्याची नेमणूक हळूहळू रशियन अंमलदारांच्या हातात गेली. मग सोव्हिएत राजवट आली आणि शेतं कोलखोझ, सोव्हखोझ या सामुदायिक आणि सरकारी शेतांमध्ये गोळा झाली. पाणी कमी नव्हतं. १९३९ मध्ये १ लाख ६० हजार माणसांच्या हातांनी ४५ दिवसांत मोठा फरगाना कालवा खोदला गेला. पुढे धरणं झाली. ओश शहराच्या वर आक-बुरा नदीवर पापान धरण बांधलं गेलं. तालुक्याचं जलखातं, त्याचं नाव रायवोदखोझ, कोलखोझच्या हद्दीपर्यंत पाणी आणून सोडत असे. हद्दीच्या आत कोलखोझचा स्वतःचा जलतंत्रज्ञ, स्वतःची यंत्रं, स्वतःचा पैसा. शेतकरी मजूर होता. पाण्याचा निर्णय त्याने कधी घेतला नव्हता आणि पाण्याचे पैसेही कधी मोजले नव्हते.

३१ ऑगस्ट १९९१ रोजी किरगिझस्तान स्वतंत्र झाला. पुढच्या काही वर्षांत कोलखोझ मोडले आणि जमीन कुटुंबांना माणशी वाटून दिली गेली. पाव हिस्सा जमीन सरकारने राखीव ठेवली. १९९८ च्या सार्वमताने जमिनीची खासगी मालकी मान्य झाली. जमीन वाटता आली, पाट वाटता येईना. शंभर हेक्टरच्या एका शेतासाठी जे दार बांधलं होतं, त्याच्याखाली आता शेदीडशे लहान तुकडे आले. कोणी कापूस लावला, कोणी मका, कोणी कांदा, कोणी गहू. प्रत्येकाला पाणी वेगळ्या दिवशी हवं. जलतंत्रज्ञ गेला, यंत्रं विकली गेली, मॉस्कोहून येणारा पैसा थांबला. कोलखोझच्या हद्दीतले हजारो किलोमीटर पाट बेवारस झाले. काही काळ ते गावच्या प्रशासनाकडे, आयिल ओकमोतूकडे, होते. पण त्यांच्याकडे ना माणसं होती ना पैसा. ज्याची जमीन वरच्या तोंडाला, त्याला पाणी. ज्याच्या घरात धट्टीकट्टी मुलं, त्याला पाणी. शेवटच्या टोकाच्या माणसाने शेत पडीक टाकलं.

मग २००२ मध्ये पाणीवापरकर्त्यांच्या संस्थांचा कायदा झाला. देशभर साडेचारशेहून जास्त संस्था उभ्या राहिल्या. परदेशी कर्जं आणि मदत आली, हे खरंच. नोंदणी घाईने झाली, हेही खरं. अनेक गावांत कायदा वरून आला आणि संस्थेचा अध्यक्ष कोलखोझचा जुना अधिकारीच झाला. पण कायद्याची मांडणी नेटकी होती. विभागवार प्रतिनिधींची सभा, तिने निवडलेलं मंडळ, हिशेब तपासणारी समिती, भांडणं मिटवणारी समिती, आणि या सगळ्यांना जबाबदार असलेले पगारी लोक: संचालक, हिशेबनीस, मिराब. ज्याच्या हाती गेट, त्याचा पगार गेटखालच्या लोकांनी द्यायचा. या एका तरतुदीसाठी मी हा कायदा चांगला मानतो.

साडेनऊ

संचालक रायवोदखोझला फोन लावतो. पाण्याचं वेळापत्रक अजून सोव्हिएत पद्धतीनेच, दहा दिवसांच्या गटांनी चालतं. वसंतात करार होतो, आणि मग दर दहा दिवसांना किती पाणी लागेल ते कळवायचं. आज मागितलेलं पूर्ण मिळणार नाही. वरच्या बाजूला कुठे तरी दुरुस्ती आहे. मिराब वहीत आकडा खोडून नवा लिहितो आणि मनातल्या मनात सगळ्या पाळ्या पुन्हा मांडतो.

ज्या कालव्यातून हे पाणी येतं, त्या अरावान-आकबुरा कालव्यावर २००१ पासून एक वेगळा प्रयोग झाला. स्वित्झर्लंडच्या मदतीने फरगाना खोऱ्यातल्या तीन देशांत एकेक कालवा निवडला होता. त्यात संस्थांच्या सीमा गावाच्या किंवा जुन्या कोलखोझच्या सीमेवरून न आखता पाण्याच्या वाटेवरून आखल्या. एका पोटपाटाचं पाणी घेणारे सगळे एका संस्थेत, मग ते कुठल्याही गावचे असोत. त्यावर संस्थांचा संघ, आणि सरकारी जलखात्याबरोबर एकाच टेबलावर बसणारी कालव्याची समिती. खात्याचा माणूस आणि शेतकऱ्यांचा माणूस एकच आकडा पाहून बोलू लागले. याचं मोल बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. आकडा एक झाला की भांडणातला निम्मा दारूगोळा संपतो.

अकरा

उन्हाचा चटका लागायला लागला आहे. अरिक गावातून जातो तिथे भांडण उभं असतं, आणि हे भांडण रोजचं आहे. प्रत्येक घरामागे तामार्का, म्हणजे परसबाग. टोमॅटो, काकडी, बटाटा, जर्दाळूची दोन झाडं. घरातल्या पानात काय पडतं ते याच्यावर ठरतं. पण परसबागेचे मालक म्हणून लोक संस्थेचे सभासद नसतात. संस्था शेतासाठी. पाट मात्र त्यांच्या दारातून जातो.

“मिराब-आका, टोमॅटो सुकले. अर्धा तास द्या.”

“ओपा, हे पाणी खालच्या कापसाचं आहे. दुपारी दोनपर्यंत त्यांची पाळी.”

“खालचे तुमचे, आणि आम्ही कोण?”

अरावानमध्ये उझबेक वस्ती मोठी आहे, म्हणून आका आणि ओपा. किरगिझ घर असतं तर तिने बायके म्हटलं असतं आणि त्याने एजे. दोन्हीकडे अर्थ थोरला दादा, थोरली ताई असाच. नातं लावून बोललेल्या माणसाला झटकून टाकता येत नाही. मिराब फावडं टेकवून उभा राहतो. नियमाने त्याने नाही म्हणायला हवं. पण नाही म्हटलं तर रात्री दार फुटणार, हे त्याला माहीत आहे. तो म्हणतो, “दोन वाजता खालची पाळी संपली की गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एक तास घ्या. क्रमाने. एकीने जरी क्रम मोडला तर उद्या नाही.” गल्लीतली एक वयस्कर बाई क्रम लावायचं अंगावर घेते.

कायद्याने परसबागा बाहेर ठेवल्या, ही मला या कायद्यातली मोठी उणीव वाटते. पाणी ज्याच्या दारातून जातं त्याला सभेत जागा नसेल, तर तो रात्री फावडं घेऊन येणारच. त्याला चोर म्हणणं सोपं आहे. शहाणपणाच्या संस्थांनी गल्लीगल्लीचा एकेक प्रतिनिधी सभेत बसवून थोडी पट्टी लावावी आणि पाळीचे तास ठरवून द्यावेत.

एक

चहा, नान, कांदा. तासभर सावली.

दुपारी अडीच

वसुली. एक हिशेब करून पाहू. अर्ध्या हेक्टर कापसाला सेकंदाला ३० लिटरचा प्रवाह पाच तास दिला, तर ५४० घनमीटर पाणी होतं. सरकारचा दर कितीतरी वर्षं हंगामात घनमीटरला ३ तियिन होता. शंभर तियिनांचा एक सोम. म्हणजे या भरण्याचे सरकारला १६ सोम २० तियिन. एवढ्यात बाजारात एक धड नान यायची, न यायची. त्यावर संस्था आपली वेगळी पट्टी लावते. त्यातून मिराबाचा पगार, हिशेबनिसाचा पगार, गेटची डागडुजी, कर्जाचा हप्ता.

दर इतका कमी का राहिला? कारण प्रत्येक नव्या सरकारला खेड्यातली मतं हवी असतात. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अकायेव गेले, २०१० मध्ये त्यांच्यानंतरचे बाकियेव गेले, २०२० मध्ये पुन्हा सत्ता उलथली. राजधानी बिश्केकमध्ये दर वेळी माणसं बदलली आणि पाणीपट्टीला हात लावायचं धाडस कमीच झालं. स्वस्त पाणी ही शेतकऱ्यावरची माया आहे असं मला वाटत नाही. पट्टी अपुरी असली की पन्हळीचा सांधा भरत नाही, सांधा भरला नाही की पाणी टोकाला पोचत नाही, आणि ज्याला पोचत नाही तो पट्टी देत नाही. या फेऱ्यात सर्वांत आधी मिराबाचा पगार अडकतो. त्याला अनेकदा हंगाम संपल्यावर, पीक विकलं गेल्यावर पैसे मिळतात. काही ठिकाणी धान्य मिळतं. ज्याला सहा महिने पगार नाही त्याच्या हाती गेट देऊन आपण त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करतो. मग कोणी तरी गेटवर येऊन त्याच्या खिशात नोट सरकवतो.

आज तो पाच घरी जातो. दोन घरी पैसे मिळतात, एका घरी कांदा विकला की देतो असं वचन, दोन घरी वाद. “मागच्या पाळीत पाणी रात्री आलं, तेही अर्धं.” मिराब वही उघडतो. त्या रात्रीचा आकडा आणि सही दाखवतो. आकडा खरोखरच कमी असतो. तो तिथेच शेरा लिहितो की या घराची पट्टी त्या प्रमाणात कमी करावी. हिशेबनीस बाई रागावतील, पण पुढच्या वेळी हा माणूस पट्टी देईल.

पाच

भांडणं मिटवणाऱ्या समितीची बैठक. तीन वयस्कर माणसं, एक शिक्षिका, पाटाच्या टोकाकडचा एक प्रतिनिधी. वरच्या गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याने दोन पाळ्या सलग घेतल्या, अशी तक्रार. वही मागवली जाते. तो म्हणतो, मी पैसे भरलेत. शिक्षिका म्हणते, पैसे एका पाळीचे भरलेत. अर्ध्या तासात निकाल: पुढच्या खेपेला त्याची पाळी टोकाकडच्या शेतांना. शेतकरी चिडतो, पण मानतो. आपल्याच शेजाऱ्यांसमोर बसून निकाल नाकारणं कोर्टात नाकारण्यापेक्षा अवघड असतं.

जून २०१० मध्ये ओश आणि जलालाबाद भागात किरगिझ आणि उझबेक यांच्यात जो हिंसाचार झाला, त्यात चारशेहून अधिक माणसं गेली. तो महिना पाण्याच्या ऐन मागणीचा. या प्रांतात एकाच अरिकवर एका गावात किरगिझ आणि दुसऱ्या गावात उझबेक अशी रचना जागोजाग आहे. घरं जळाली तरी कापसाला पाणी लागतंच, आणि ते दुसऱ्याच्या गावातून येतं. समाजांमध्ये सलोखा व्हावा म्हणून जे परिसंवाद भरवले जातात त्यांच्यापेक्षा दोन्ही समाजांची माणसं बसलेली अशी एक कामसू समिती जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत आहे. जिथे अशी समिती नाही, जिथे पाण्याचं तोंड सीमेवर आहे आणि दोन्ही बाजूंना बंदुका आहेत, तिथे काय होतं ते २८ एप्रिल २०२१ रोजी बातकेन प्रांतात दिसलं. इस्फारा नदीवरच्या गोलोव्नोय नावाच्या पाणीवाटप ठिकाणावरून किरगिझ आणि ताजिक गावकऱ्यांत तंटा सुरू झाला, सैन्यं उतरली आणि दोन दिवसांत दोन्हीकडची कितीतरी माणसं मेली.

साडेसात

संध्याकाळची यादी. रात्रीच्या पाळ्या. यादी करताना त्याला मार्च-एप्रिलातला अशार आठवतो. म्हणजे घरटी एक माणूस फावडं घेऊन येतो आणि सगळे मिळून अरिकातला गाळ काढतात. तेव्हा मिराबाने पाहिलेलं असतं की कोणत्या घरातून बाई आली. नवरा रशियात बांधकामावर. मुलगाही गेला. दक्षिण किरगिझस्तानातल्या गावोगाव हे चित्र आहे. शेत बाई करते, पण संस्थेच्या नोंदीत नाव नवऱ्याचं. सभेत पाळी ठरते तेव्हा ती नसते, आणि जो नसतो त्याला रात्रीचं पाणी मिळतं.

मिराब यादी हातात धरून विचार करतो. रात्री दोन ते पाच, शेवटच्या टोकाला, एकट्या बाईने दारं धरायची, हे बरं नव्हे. तो एका तरण्याताठ्या शेतकऱ्याला विचारतो, “भाऊ, तू दोनची घेशील? तुझी सातची तिला देतो.” तो कुरकुरतो, मग हो म्हणतो. यादी बदलते. हे नियमात नाही, पण सभेने नियमात घालायला हवं, आणि जमीन जी कसते तिच्या नावावर मतही द्यायला हवं.

अकरा

शेवटची फेरी. बॅटरीच्या उजेडात मोजपट्टी पुन्हा वाचली जाते. सकाळपेक्षा पाणी थोडं वाढलं आहे. तो आकडा लिहितो, पुढच्या पाळीच्या माणसाला हाक मारून उठवतो, सही घेतो आणि घराकडे निघतो. पहाटे साडेचारला पुन्हा.

आपल्यासाठी

महाराष्ट्राला पाटकरी नवा नाही. धुळ्याच्या पांझरेवरच्या फड पद्धतीत तो शेतकऱ्यांनी नेमलेला असे आणि मोबदला धान्यात घेत असे. वाघाडच्या धरणाखाली बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून शेतकऱ्यांनी पाणी मोजून वाटायला सुरुवात केली. किरगिझस्ताननंतर तीन वर्षांनी, २००५ मध्ये, आपल्याकडेही शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्यात पाणी घनमापाने द्यायचं आहे, आणि संचालक मंडळावर पाटाच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागांतल्या लोकांना जागा आहेत. कागद आपल्याकडेही चांगला आहे.

तुमच्या चारीवर पाणीवापर संस्था असेल, तर येत्या आवर्तनाआधी तिच्या कार्यालयात जा आणि वही मागा. गेटवर किती पाणी आलं, शेवटच्या शेताला किती पोचलं, त्यावर कोणाच्या सह्या आहेत आणि पाटकऱ्याला पगार कोण, कधी देतं, एवढं विचारा. वही नसेल, तर पुढच्या सभेत पहिला ठराव वहीचाच मांडा.